नाहूरचं गाऱ्हाणं

मुंबईला जाऊन आलेल्या माणसाला बार्शीत पहिला प्रश्न समुद्राचा विचारतात. मी बारा दिवस मुंबईत होते आणि समुद्र पाहिला नाही. नटनट्यांचे बंगलेही पाहिले नाहीत. मी पाहिलं ते मुलुंड, घाटकोपर, अंधेरीचं एक गावठाण आणि नाहूरच्या चाळीतली एक खोली. ज्यांना मुंबई बघायची आहे त्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी वाचावं. मला तिथं माणसं भेटली, त्यांचं मी लिहिते आहे. ज्या घराबद्दल जास्त लिहिलं आहे त्यातल्या माणसांची नावं बदलली आहेत आणि लिहायची परवानगी घेतली आहे.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढची चूक कशी झाली ते कळणार नाही. माझा बाप मार्केट यार्डात हमाल. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाले, वर समुपदेशनाची एक वर्षाची पदविका, तीही पहिल्या वर्गात. हे मी मिरवायला सांगत नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. मिरवायलाच सांगते. बार्शीत आमचं कौटुंबिक सल्ला केंद्र आहे. तिथं नवरा-बायको येतात ते दहा नातेवाईक घेऊन येतात, आणि खुर्चीला पाठ टेकायच्या आत सगळं ओकून मोकळे होतात. आमच्या भागात मनातलं काढून घ्यावं लागत नाही. फार तर आवरावं लागतं.

मुलुंडला आमच्यासारखंच एक केंद्र आहे. तिथं नाना तऱ्हेचे लोक येतात, त्यांच्याशी कसं बोलायचं ते शिकून ये, म्हणून संस्थेनं मला मार्चमध्ये पाठवलं. गाडीचा प्रवास सांगत बसत नाही. कुर्डुवाडीपासून कल्याणपर्यंत मी फक्त इंग्रजीची चार वाक्यं घोकत होते, कारण केंद्राच्या प्रमुखांचं नाव होतं फिलोमिना.

मुलुंड

केंद्र म्हणजे एका दवाखान्याच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. बाहेर बाकडी, आत टेबल आणि खुर्च्या. टेबलामागं पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. ठिपक्यांचा फ्रॉक, चष्मा कपाळावर चढवलेला.

"गुड मॉर्निंग मॅडम. आय ॲम कमिंग फ्रॉम बार्शी," मी म्हटलं.

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बार्शी म्हणजे ज्वारीवाली ना? बस. आणि इंग्लिश कशाला फाडतेस गं? मी काय विलायतेहून आले? आमचं गावठाण अंधेरीत, तिथं विमानं उतरायला लागली त्याच्या आधीपासूनचं. घरात आम्ही मराठीच बोलतो."

माझी दोन वाक्यं तशीच पोटात राहिली. ती अजून आहेत.

पहिले तीन दिवस मी नुसती कोपऱ्यात बसून ऐकत होते. बाकड्यावर कोण नव्हतं? सिंधी सासू, मद्रासी बँकवाला, जौनपूरचा दूधवाला आणि त्याची तोंडावरून पदर न सारणारी बायको. फिलोमिनाबाई एकाशी हिंदीत, एकाशी मराठीत, एकाशी मुंडी हलवण्याच्या भाषेत बोलायच्या. मी वहीत प्रत्येक समाजाचं एकेक पान केलं आणि खाली लिहायला सुरुवात केली, सिंधी असे असतात, मद्रासी तसे असतात. परीक्षेला उतरायचं असल्यासारखं.

बाईंनी वही ओढून घेतली. "हे काय? लोकांची रेशनकार्डं बनवतेस?"

"लक्षात राहावं म्हणून."

"अगं, उद्या दुसरा सिंधी येईल तो याच्या उलटा असेल. मग त्याला काय सांगशील, माझ्या वहीत तू असा नाहीस? हे सगळं खोड. एकच प्रश्न लिही. तुमच्याकडे दुःख कुणाला सांगतात? तेवढं विचार आणि गप्प बस. बाकीचं माणूस सांगतं."

मी लिहून घेतलं. खरं सांगते, तेव्हा प्रश्न फार साधा वाटला. पदविकेला शोभेल असा नव्हता.

घाटकोपर

माझी राहायची सोय घाटकोपरला कांताबेनकडे होती. गुजराती जैन घर, दुसरा मजला, जमीन अशी लख्ख की पाय ठेवायला भीती वाटावी. मी जाताना आईनं लसूण घालून कुटलेली शेंगदाण्याची चटणी डबा भरून दिली होती. मी तो डबा ऐटीत त्यांच्या ओट्यावर ठेवला.

कांताबेन दोन पावलं मागं सरल्या. "शालनबेन, एमां लसण छे ने?"

"हो. आमच्याकडे लसणाशिवाय चटणी होत नाही."

"अमारे त्यां कांदा-लसण नाय चालते." त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. डबा बोटाच्या चिमटीत धरून त्यांनी गॅलरीत खिळ्याला टांगला. "तुमी खावा. पण इथं, बाहेर."

पहिल्या रात्री त्यांनी मला गोड डाळ वाढली. डाळीत गूळ! आमच्याकडे डाळीत गूळ घातला तर सुनेला माहेरी पाठवतील. मी दोन घास कसेबसे गिळले, भाकरीची आठवण येऊन डोळ्यांत पाणी आलं. कांताबेननी ते पाहिलं. उठल्या, माझं ताट उचललं, गॅलरीत पाट मांडला आणि म्हणाल्या, "जावा, चटणी खावा." मी बाहेर बसून चटणीशी फुलके खायला लागले, तर त्या आपलं ताट घेऊन उंबऱ्याच्या आतल्या बाजूला येऊन बसल्या. मी बाहेर, त्या आत, मध्ये उंबरा. मग रोजच आम्ही तशा जेवलो. त्यांनी आपला नियम मोडला नाही आणि मला एक दिवस एकटं जेवू दिलं नाही. फिलोमिनाबाई तीन दिवस जे शिकवत होत्या ते कांताबेन कुठलीही पदविका न घेता करत होत्या.

मी त्यांना बाईंचा प्रश्न विचारला. त्या हसल्या. "दुख? पापड वणताना, लाटताना. चार बायका बसते, हात चालू, नजर खाली. कोण रडते ते कोणाला दिसत नाय."

पुन्हा मुलुंड

गुरुवारी सुलोचना परब आल्या. नाहूरला राहणाऱ्या, मूळच्या मालवणकडच्या, चाळिशीच्या. त्यांचा नवरा शांताराम गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. संप झाला, आणि नंतर त्याला गिरणीनं परत घेतलं नाही. आता तो साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये जात होता, "मशीनवर" असं त्या म्हणाल्या. मारत नाही, पीत नाही. फक्त चार महिने घरात बोलत नाही. काही हवं असलं तर मुलीला म्हणतो, 'आईला सांग.' आणि आई दोन हातांवर बसलेली असते.

"भिंतीबरोबर किती दिवस संसार करू, बाई?" त्या माझ्याशी जपून, शहरी मराठीत बोलत होत्या. "नयनाची दहावीची परीक्षा चालू आहे. बुधवारी शेवटचा पेपर. तो झाला की तिला घेऊन गावाला जाईन म्हणते. त्याआधी तुम्ही एकदा बघा, बोलतात का."

"हे मी बघते," मी फिलोमिनाबाईंना म्हटलं. "आपलीच माणसं आहेत."

"बघ," त्या म्हणाल्या. "पण हळू."

माझ्या वहीत गुजराती होते, सिंधी होते, मद्रासी होते. मराठी माणसाचं पान मी केलंच नव्हतं. त्याची काय गरज?

संध्याकाळी परब आले. उंच, वाळलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. बरोबर सुलोचनाबाई आणि दोन वेण्या घातलेली नयना. बाहेर त्यांनी फॉर्म भरला. मी तो वाचला. 'व्यवसाय' या शब्दापुढं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'पहारेकरी'.

मी पदविकेत शिकवलं होतं तसं केलं. नवरा-बायकोच्या खुर्च्या समोरासमोर मांडल्या. नयनाला बाजूला बसवलं. म्हटलं, "परब, तिच्याकडे बघून बोला. मनात काय आहे?"

ते माझ्या टेबलाच्या पायाकडे बघत म्हणाले, "सगळा बरा आसा."

मी पुन्हा विचारलं. सगळा बरा आसा. तिसऱ्यांदा विचारलं. सगळा बरा आसा.

मग मला वाटलं, याला हिंमत द्यावी. आमच्या बार्शीत असं वाक्य टाकलं असतं तर अख्खी खोली विरघळली असती. मी म्हटलं, "परब, वॉचमनची नोकरी आहे म्हणून एवढं मनाला लावून घेता? माझा बाप हमाल आहे. पाठीवर पोती वाहून त्यानं मला शिकवलं. मला नाही त्याची लाज वाटत. कामात कसली आलीय लाज?"

"वॉचमन?" नयना म्हणाली.

परब उठले. त्यांनी मला दोन्ही हात जोडले, तेही नीट, मान लववून. आणि जिना उतरून गेले. नयना मागोमाग पळाली.

सुलोचनाबाई जिन्याच्या तोंडाशी थांबल्या. त्यांचं शहरी मराठी गळून पडलं होतं. "माका म्हायत नव्हता, असा वाटला तुमका? दर आठवड्याक तेंचे खाकी कपडे पिशवीतसून काढतंय, धुतंय, घडी करून परत पिशवीत घालतंय. एका शब्दान कधी इचारूक नाय."

"मग त्यांनाही कळत असेलच की, धुतलेले कपडे बघून..."

"कळता. म्हणानच बोलूचा नसता! म्हायत आसणा येगळा, बाईंनू, बोलणा येगळा. चेडवाक, नयनाक म्हायत नव्हता. ते आपणहून सांगतले म्हणान मी वाट बघी होतंय. आता ते कसले सांगतत? पेपर झालो काय आमी जातलो. पयली सुट्टीपुरती जाऊचा म्हणी होतंय. आता कायमची."

पहिल्या वर्गाची पदविका घेऊन मी त्या जिन्यात उभी होते.

अंधेरी

रविवारी फिलोमिनाबाईंनी मला जेवायला बोलावलं. अंधेरी स्टेशनाबाहेर बसगाड्यांचा आणि रिक्षांचा एवढा कोलाहल, की गावठाण कुठलं सापडतंय असं वाटलं. पण एका गल्लीत वळलं की एकदम गाव. कौलारू घरं, अंगणात कोंबड्या, दारात लाकडी क्रूस, त्याला झेंडूची माळ. माळ बघून मला फार बरं वाटलं. झेंडू आमचा, क्रूस त्यांचा.

बाईंनी फुगे तळले होते. मैद्याचे, लिंबाएवढे, आत पोकळ. बरोबर कोंबडीचा रस्सा. तो मसाला त्या वर्षाचा एकदम कुटून बिअरच्या बाटल्यांत ठासून भरून ठेवतात. आमच्या काळ्या मसाल्यासारखाच, पण बाटली बघून मी बिचकले. "घाबरू नकोस," बाई म्हणाल्या. "दारू कधीच संपली. मसालाच आहे." मी सात फुगे खाल्ले. आठवड्याभरात चटणीशिवाय दुसरं तिखट पहिल्यांदाच तोंडाला लागलं होतं.

हात धुतल्यावर मी विषय काढला. मला वाटत होतं त्या रागावतील. त्या पानसुपारी लावत बसल्या.

"तुझा बाप काय म्हणतो, मी हमाल आहे?"

"चारचौघांत सांगतो. छाती पुढं काढून."

"बरोबर. तुमच्याकडे मोठ्यानं सांगितलं की ओझं हलकं होतं. ते तुझं औषध. परबांना ते चालतं का, हे तू विचारलंस?"

"पण ते मराठीच आहेत की."

"मीसुद्धा मराठीच आहे गं. येताना माझ्यासाठी इंग्लिश पाठ करून आलीस." त्या हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "परका दिसला की आपण सांभाळून पाऊल टाकतो. जवळचा वाटला की चपलांसकट घरात घुसतो. बघ, मी चर्चमध्ये जाते तेव्हा माझ्या आणि पाद्रीच्या मध्ये जाळी असते. त्याचा चेहरा दिसत नाही, माझा त्याला दिसत नाही. समोरासमोर खुर्ची टाकून कुणी मला म्हटलं असतं, सांग तुझी पापं, तर मीसुद्धा म्हटलं असतं, सगळं बरं आहे."

"आता काय करू?"

"जा. माफी माग. आणि तो प्रश्न विचार, जो तू लिहून घेतलास आणि वापरला नाहीस."

नाहूर

सोमवारी दुपारी नाहूरला गेले. स्टेशनातून बाहेर पडलं की थोडी वस्ती, थोडं गवत, मध्येच कारखान्याची भिंत. चाळीच्या गॅलरीत सुलोचनाबाई सुपात सुकट निवडत बसल्या होत्या. त्या वासानं माझ्या नाकाची काय अवस्था झाली ते लिहीत नाही. त्यांना आमच्या जवसाच्या चटणीचा वास असाच लागेल.

परब ड्युटीवर होते, नयना मैत्रिणीकडे अभ्यासाला. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "माझं चुकलं."

"बसा," त्या म्हणाल्या. "उभ्यान माफी मागतत काय?" आणि पेलाभर सोलकढी आणून दिली. रंग बघून मला वाटलं सरबत. एक मोठा घोट घेतला आणि लसणीचा ठसका लागला. त्या पहिल्यांदा हसल्या. "पोरांसारखा करतास. हळू घेवा."

त्यांच्या पायाशी बसून मीही सुकट निवडायला घेतली. नजर खाली, हात चालू. कांताबेनची आठवण झाली. थोड्या वेळानं विचारलं, "तुमच्याकडे दुःख कुणाला सांगतात?"

"देवाक."

"देवळात जाऊन?"

"आपण नाय सांगूचा. गाऱ्हाणा घालणारो सांगता." मग त्यांनीच समजावलं. गावात काही कार्य असलं, संकट असलं की मानकरी देवापुढं नारळ ठेवून उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीनं मोठ्यानं मागणं मागतो. त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेले लोक 'व्हय म्हाराजा' म्हणतात. कुणाचं पोर आजारी, कुणाची सोयरीक अडलेली, कुणाच्या हातून काही चुकलेलं. ज्याचं दुःख असतं तो गप्प उभा असतो. त्याच्यासाठी दुसरा बोलतो आणि बाकीचे होकार देतात. मुंबईतही भांडुपला त्यांच्या गावच्या मंडळाची खोली आहे, तिथं महिन्यातून एकदा सगळे जमतात.

"तिथं कोण घालतं गाऱ्हाणं?"

"हेच. परबांचो मान. ह्यांचो आवाज आयकलो काय अंगावर काटो येता. पण गिरण सुटल्यापासून जाणा नाय."

"मग त्यांचं गाऱ्हाणं कोण घालणार?"

त्यांचा हात सुपात थांबला. "ह्यांचा?" त्या म्हणाल्या. "ह्यांचा कोण घालतलो? घालणारे तर हेच."

संध्याकाळी फिलोमिनाबाईंना सगळं सांगितलं आणि म्हटलं, "मी परबांना माझं गाऱ्हाणं घालायला सांगते."

"युक्ती म्हणून?" त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "खोटंखोटं करायला जाशील तर त्यांना पहिल्या शब्दाला कळेल. देवाच्या कामात नाटक करू नकोस."

"नाटक नाही. माझ्या हातून त्यांचं घर मोडायला आलंय. मला खरंच मागायचं आहे."

त्यांनी चष्मा परत कपाळावर चढवला. निघताना एवढंच म्हणाल्या, "नारळ शेंडीसकट घे."

नाहूर, दुसऱ्यांदा

गुरुवारी परबांची सुट्टी असायची. नयनाचा पेपर आदल्या दिवशी संपला होता. शनिवारच्या एस.टी.ची तिकिटं काढलेली होती. खोलीत शिरले तर मध्यभागी काळी ट्रंक, दोरीनं आवळलेली. तिच्यात नुसते कपडे नव्हते. भिंतीवरची भांड्यांची फळी निम्मी रिकामी होती.

परब खिडकीशी बसले होते. मला बघून उठले. "नयना, आईक सांग, बाई इलेत."

आई स्टोव्हपाशी, चार हातांवर. "बाबांक सांग, माका दिसतत," ती म्हणाली. नयनानं कुणालाच काही सांगितलं नाही. तिला सवय होती.

मी नारळ दोन्ही हातांत धरला. "परब, त्या दिवशी मी जे बोलले ते बोलायला नको होतं. माफी तुमच्याकडे कशी मागतात ते मला माहीत नाही. तुम्ही मंडळात सगळ्यांचं गाऱ्हाणं घालता, तसं माझं घालाल का?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "ही थट्टेची गोष्ट नाय, बाई."

"थट्टा करायला बार्शीहून कोण येईल?"

"तुमचो देव येगळो."

"तो ऐकेल की. तुमच्या आवाजात सांगा."

मग त्यांनी हात पुढं केला, नारळ घेतला, कानाशी धरून हलवला. "पाणी आसा," ते म्हणाले. मोरीत जाऊन हातपाय धुऊन आले. खुंटीवरची टोपी झटकून डोक्यावर घातली. कोपऱ्यातल्या देवांच्या फळीपुढं नारळ ठेवला आणि उभे राहिले. नयना आपोआप त्यांच्या मागं जाऊन उभी राहिली. सुलोचनाबाईंनी स्टोव्ह बंद केला, पण जागच्या हलल्या नाहीत.

आणि तो माणूस बोलायला लागला. मी चार वाक्यं लिहिते, पण तो आवाज मला लिहिता येत नाही. गिरणीत साच्यांच्या खडखडाटावरून हाक मारणाऱ्याचा आवाज होता तो.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या घरात तुझी लेकरा उभी आसत..."

"व्हय म्हाराजा!" नयना म्हणाली.

"ही बाय लांबच्या मुलखातसून इली हा. तिच्या हातसून काय चुकला-माकला असात, तर ता पोटात घाल, आणि तिची वाट सुखाची कर..."

"व्हय म्हाराजा!" आता नयना आणि सुलोचनाबाई. माझे डोळे भरून आले. माझ्यासाठी असं मोठ्यानं कुणी कधीच काही मागितलं नव्हतं. आमच्याकडे ज्याचं त्यानं मागायचं असतं.

"ह्या चेडवान परीक्षा दिली हा, तिका यश दी..."

"व्हय म्हाराजा!"

ते थांबले. मला वाटलं संपलं. मी नमस्काराला वाकणार, तोच पुढं आवाज आला. तोच आवाज, पण सावकाश.

"आणि देवा म्हाराजा, ह्या घरचो जो कर्तो आसा, तेची गिरण गेली. आता तो दुसऱ्याच्या दाराक राखण बसता. ह्या तेका आपल्या तोंडान घरात सांगूक जमला नाय. तो कोणावर रागान गप्प नाय रे म्हाराजा. शरमेन गप्प आसा."

नयनानं वडलांच्या शर्टाचं टोक धरलं. मग रडक्या आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा."

"तेच्या गप्प ऱ्हवण्याचो तरास ह्या घरच्या लक्ष्मीक झालो. तिना सगळा जाणल्यान, आणि तेची लाज झाकल्यान. आता ती घर सोडून चलली हा. तिचा चुकला नाय. पण तिचा मन माघारी फिरव, असा तुझ्या पायाकडे मागणा आसा..."

याला होकार कोण देणार? नयनानं आईकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहत होते. ते वाक्य माझं नव्हतं आणि नयनाचंही नव्हतं. परब देवाकडे तोंड करून तसेच उभे. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. गाऱ्हाणं घालणारा वळत नाही. चाळीत कुणाच्या तरी घरी भांडं पडलं आणि घरंगळत गेलं, तेवढं सगळं मला ऐकू आलं.

"व्हय म्हाराजा," सुलोचनाबाई म्हणाल्या.

परबांनी नारळ उचलला, बाहेर जाऊन उंबऱ्याजवळच्या दगडावर फोडला. पाणी पेल्यात धरलं. खोबऱ्याचे तुकडे केले. एक देवापुढं, एक मला, एक नयनाला. मग स्टोव्हपाशी गेले आणि हात पुढं केला.

"घे गो," ते म्हणाले.

सुलोचनाबाईंनी तुकडा घेतला आणि तोंडात टाकला. चावत चावत म्हणाल्या, "जून आसा." आणि पदर डोळ्यांना लावला.

मी फार थांबले नाही. केंद्रात असते तर अजून दोन प्रश्न विचारले असते, पुढची तारीख दिली असती. इथं काही विचारायचं राहिलं नव्हतं. सुलोचनाबाई मला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. माझी परतीची गाडी दुसऱ्या दिवशी होती, त्यांची एस.टी. शनिवारी. मला विचारायचा धीर होत नव्हता. त्यांनीच विषय काढला.

"शनवारी जातंय. आईक बघूचा आसा, आंबे इले आसतले. नयनाचो निकाल लागाच्या आधी येतंय."

"म्हणजे कायमचं नाही?"

"कायमचा कसला! भांडी काढूक व्हयी ट्रंकेतली. गावाक काय भांडी नाय आसत? उगाच वझा." त्या वळल्या, दोन पावलं गेल्या, पुन्हा मागं फिरल्या. "ट्रंक जड आसा. माझ्याच्यान एकटीच्यान भायर काढूक होवची नाय. ह्यांका सांगतंय."

"नयनाकडून?"

"नाय गो," त्या म्हणाल्या. "मीच सांगतंय."